फासापर्यंत सोबत करणारा धर्मगुरू : संत जोसेफ काफासो

दरवर्षी २३ जून रोजी ख्रिस्तसभा संत जोसेफ काफासो यांचे स्मरण करते. इटलीतील तुरुंगांचे ते आश्रयदाते संत आहेत. बंदीजनांची सेवा करणारे अनेक धर्मगुरू, धर्मभगिनी व प्रापंचिक त्यांना आपला आदर्श मानतात. आपल्याकडील भाविकांना मात्र त्यांची ओळख बहुधा डॉन बॉस्को यांचे गुरू एवढीच असते. शिष्याची कीर्ती सातासमुद्रापार गेली की गुरू काहीसा सावलीत राहतो, तसे काफासोंचे झाले आहे.

गुन्हा, शिक्षा आणि शिक्षेनंतरचे आयुष्य यांविषयीचे जे प्रश्न आज आपल्याला अस्वस्थ करतात, त्यांतील बरेचसे प्रश्न या कृश प्रकृतीच्या धर्मगुरूने सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी तुरिन शहरात आपल्या अंगावर घेतले होते. त्याने त्यावर ग्रंथ लिहिला नाही की चळवळ उभारली नाही. तो रोज तुरुंगात जात राहिला. त्या जाण्यातून काय घडले ते वाचकांपुढे ठेवावे, या हेतूने हा परिचय आम्ही करून देत आहोत.

शेतकऱ्याचा मुलगा

जोसेफ काफासो यांचा जन्म १५ जानेवारी १८११ रोजी उत्तर इटलीतील पिएमोंत प्रांतात, कास्तेलनुओवो द’आस्ती या गावी झाला. आज हे गाव कास्तेलनुओवो डॉन बॉस्को या नावाने ओळखले जाते. वडील जोव्हान्नी हे शेतकरी, आई ओर्सोला ही धर्मशील गृहिणी. चार भावंडांत जोसेफ तिसरे. त्यांची धाकटी बहीण मारियान्ना हिच्या पोटी पुढे जोसेफ आल्लामानो जन्मले. कोन्सोलाता मिशनरी संघाचे संस्थापक असलेले हे आल्लामानो २० ऑक्टोबर २०२४ रोजी संत म्हणून घोषित झाले. बॉस्को, काफासो आणि आल्लामानो असे तीन संत एकाच छोट्या गावाच्या मातीतून आले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

काफासो बांध्याने लहान होते आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला बाक होता. त्यामुळे ते चारचौघांत उठून दिसत नसत. स्वभाव शांत, बोलणे मोजके. डॉन बॉस्को यांनी आपल्या आठवणींत त्यांच्याशी झालेल्या पहिल्या भेटीचा प्रसंग नोंदवला आहे. गावची जत्रा भरली होती, सारे लोक खेळतमाशे पाहण्यात दंग होते, आणि सेमिनरीतला एक तरुण चर्चच्या दाराशी एकटाच उभा होता. बारा वर्षांच्या बॉस्कोने त्याला जत्रा दाखवण्याची तयारी दर्शवली. त्या तरुणाने सौम्यपणे नकार दिला आणि धर्मगुरू होऊ पाहणाऱ्याचा आनंद कोठे असतो हे त्याला समजावून सांगितले. पुढे ज्या दोघांची मैत्री हजारो मुलांच्या उपयोगी पडली, त्यांची ती सुरुवात होती.

२१ सप्टेंबर १८३३ रोजी काफासो यांना गुरुदीक्षा मिळाली. त्या वेळी ते बावीस वर्षांचे होते. एवढ्या लहान वयात दीक्षा घेण्यासाठी त्यांना खास परवानगी घ्यावी लागली होती.

पापनिवेदनाची नवी शिकवण

दीक्षेनंतर काही महिन्यांनी काफासो तुरिनमधील संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या नावाच्या चर्चला जोडलेल्या धर्मगुरू-निवासात दाखल झाले. नवदीक्षित धर्मगुरूंना प्रत्यक्ष सेवेचे शिक्षण देण्यासाठी फादर लुईजी गुआला यांनी १८१७ मध्ये ही संस्था सुरू केली होती. काफासो तेथे विद्यार्थी म्हणून आले, ते कायमचेच राहिले. पुढे ते नीतिशास्त्राचे अध्यापक झाले आणि १८४८ मध्ये गुआला यांच्या निधनानंतर संस्थेचे प्रमुख झाले.

त्या काळी पिएमोंतमधील धार्मिक जीवनावर जॅन्सेनवादाची छाया होती. या कठोर विचारसरणीच्या प्रभावाखालील धर्मगुरू पश्चात्ताप पुरेसा नाही असे वाटल्यास पाप्याला क्षमामंत्र देणे लांबणीवर टाकत. अनेकांना वर्षानुवर्षे ख्रिस्तप्रसादापासून दूर ठेवले जाई. परमेश्वर म्हणजे हिशेब चुकता करून घेणारा न्यायाधीश, असा समज सामान्य माणसाच्या मनात घट्ट बसला होता. गुआला आणि त्यांच्यानंतर काफासो यांनी संत आल्फोन्सस लिगोरी व संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या शिकवणुकीचा आधार घेऊन या कठोरपणाला उत्तर दिले. पाप हे पापच, ते झाकायचे नाही. परंतु पाप्याने निराश व्हायचे नाही आणि धर्मगुरूनेही त्याच्याविषयी निराश व्हायचे नाही, असे त्यांच्या शिकवणुकीचे सार सांगता येईल.

काफासोंच्या तुरुंगसेवेचे मूळ येथे आहे असे आम्हांला वाटते. ज्या मनाने ते पापनिवेदनाच्या आसनावर बसत, त्याच मनाने ते कोठडीत शिरत. वर्गात शिकवलेले नीतिशास्त्र तुरुंगाच्या ओल्या फरशीवर खरे ठरते की नाही, हे त्यांनी स्वतः पाहिले आणि आपल्या विद्यार्थ्यांनाही तेथे नेऊन दाखवले.

तुरिनचे तुरुंग

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तुरिन ही सार्डिनियाच्या राज्याची राजधानी होती. खेड्यापाड्यांतून कामाच्या शोधात लोक शहरात येत. गवंड्यांच्या हाताखाली राबणारी, धुराड्यांची सफाई करणारी पोरे रस्त्यावर वाढत. भूक आणि बेकारी यांच्या सोबतीने चोरी व हाणामारी येई, आणि मग तुरुंग येई. तुरुंग म्हणजे अंधाऱ्या, कोंदट, गर्दीने भरलेल्या जागा. निबर गुन्हेगार आणि पहिल्यांदाच पकडलेला पोरगा एकाच ठिकाणी डांबले जात. बाहेर पडणारा माणूस आत जाताना होता त्याहून अधिक बिघडलेला असे.

या स्थितीने अस्वस्थ झालेले काफासो हे एकटेच नव्हते. सरदार पेतित्ती दि रोरेतो यांनी १८४० मध्ये तुरुंगांच्या अवस्थेवर व सुधारणेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. बारोलोच्या मार्केझा जुलिया या उमराव घराण्यातील स्त्रीने कैदी स्त्रियांमध्ये राहून त्यांना लिहावाचायला व हातकाम करायला शिकवले. तुरुंगाचे नवे नियम लागू करण्यापूर्वी त्यांनी ते कैदी स्त्रियांना वाचून दाखवले आणि त्यांची संमती घेतली. सुटून आलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी आश्रयगृहही काढले. त्यांच्याच वाड्यात सिल्व्हिओ पेल्लिको हे लेखक ग्रंथपाल म्हणून काम करीत. ऑस्ट्रियाच्या सत्तेविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून ते दहा वर्षे कैदेत राहिले होते, आणि १८३२ मध्ये त्यांनी लिहिलेल्या तुरुंगातील आठवणी युरोपभर वाचल्या गेल्या होत्या. तुरुंग माणसाच्या मनाचे काय करतो, हे तुरिनमधील सुशिक्षितांना त्यामुळे ठाऊक झाले होते. तरीही ठाऊक असणे वेगळे आणि रोज जाऊन त्या माणसांजवळ बसणे वेगळे.

काफासो रोज जाऊन बसत. जाताना रिकाम्या हाताने जात नसत. पाव, फळे, तंबाखू, तपकीर, थोडेफार पैसे असे काही ना काही त्यांच्या झग्याच्या खिशात असे. आज कोणी म्हणेल की धर्मगुरूने तंबाखू का वाटावी! परंतु ज्याच्याकडे कोणीही काही घेऊन येत नाही, अशा माणसाला आपल्या आवडीची वस्तू कोणी लक्षात ठेवून आणली, एवढ्यानेच तो माणसांत परत येऊ लागतो. काफासो हे ओळखून होते. उपदेश नंतर येई, कधीकधी कित्येक दिवसांनी येई.

त्यांच्या निधनानंतर डॉन बॉस्को यांनी केलेल्या स्मृतिपर भाषणांत या दिवसांचे काही प्रसंग आले आहेत. मातेच्या एका सणाची तयारी म्हणून काफासो एका मोठ्या कोठडीतील कैद्यांना पापनिवेदनासाठी तयार करीत होते. अनेक दिवस बोलूनही कोणी पुढे येईना. शेवटी काफासोंनी त्यांच्यातल्या सर्वांत धिप्पाड व दांडग्या कैद्याची लांब दाढीच पकडली आणि पापनिवेदन केल्याशिवाय सोडणार नाही असे बजावले. या लहानखुऱ्या, वाकलेल्या धर्मगुरूचा तो हट्ट पाहून तो कैदी आधी हसला, मग गांगरला. अखेर तो गुडघ्यांवर आला आणि ढसाढसा रडला. त्याच्यामागून इतरही आले. दुसऱ्या एका प्रसंगी काफासो कैद्यांचे पापनिवेदन ऐकत रात्री उशिरापर्यंत आतच राहिले. फेरीवर आलेल्या पहारेकऱ्यांना अंधारात कोणी परका माणूस दिसला आणि ते बंदुका सरसावून पुढे आले. कंदील जवळ नेल्यावर त्यांनी काफासोंना ओळखले. कोठडीतून येताना त्यांच्या कपड्यांत उवा भरलेल्या असत. त्या उवांना ते हसत हसत आपली चालती संपत्ती मानत.

कैद्याच्या कुटुंबाकडेही त्यांचे लक्ष असे. घरचा कर्ता तुरुंगात गेला की बायको आणि मुले शेजाऱ्यांच्या नजरेतून उतरतात. गुन्हा एकाने केलेला असतो, लाज सारे घर भोगते. काफासो अशा घरांना मदत पोचवीत, निरोपांची ने-आण करीत आणि तुटलेली नाती जुळवीत. आपल्या मुलांना कोणी तरी पाहते आहे हे कळल्यावर कित्येक कैद्यांचे मन मऊ झाले असेल, यात शंका नाही.

फासाकडे जाणारी वाट

इटालियन माणसाला काफासो आठवतात ते मुख्यतः फाशीच्या कैद्यांचे धर्मगुरू म्हणून. त्यांनी ५७ जणांना मरणापर्यंत सोबत केली, असे पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २०१० मध्ये त्यांच्यावर दिलेल्या प्रवचनात सांगितले होते.

त्या काळची फाशी भर रस्त्यावर होई. १८३५ पासून पुढे काही वर्षे तुरिनच्या वेशीवरील एका चौकात फासाचा खांब उभारला जाई. आदल्या दिवशी कैद्याला तुरुंगातील एका खोलीत हलवले जाई आणि शेवटची रात्र तो तेथे काढी. सकाळी घंटा वाजू लागे. कैद्याला गाडीत बसवून गर्दीतून नेले जाई. चेहरा झाकणारी टोपी घातलेले दयासंघाचे बंधू त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करीत बरोबर चालत. लोक दुतर्फा जमत; कोणी हळहळे, कोणी तमाशा पाहायला आलेला असे.

काफासो त्या शेवटच्या रात्री कैद्याजवळ असत. तो रागावे, शिव्या देई, भिंतीवर डोके आपटी, गप्प बसे, रडे. काफासो उठून जात नसत. सकाळी मिस्सा होई, कैदी ख्रिस्तप्रसाद घेई. मग ते त्याच्या शेजारी गाडीत बसत. वाटेत त्याची नजर गर्दीकडे किंवा खांबाकडे न जाता हातातील क्रुसाकडे राहावी, म्हणून ते सतत हलक्या आवाजात त्याच्याशी बोलत. खांबाखालीही ते शेवटच्या क्षणापर्यंत उभे राहत.

पश्चात्ताप करून ज्याने असे मरण स्वीकारले, तो थेट स्वर्गात जातो अशी काफासोंची दृढ श्रद्धा होती. ते त्या फासावर गेलेल्यांना संत समजत आणि स्वर्गात गेल्यावर पवित्र मातेकडे आपला निरोप पोचवावा, अशी विनंती त्यांना करीत. जगाच्या दृष्टीने ज्याच्यापाशी आता काहीच उरले नाही, अशा माणसावर ते एक काम सोपवीत. येशूच्या उजव्या बाजूच्या क्रुसावरील चोराची कथा त्यांना जशीच्या तशी खरी वाटे.

अशा एका प्रसंगी त्यांनी तरुण डॉन बॉस्कोंना बरोबर नेले असता, बॉस्कोंना ते दृश्य सहन झाले नाही आणि ते चक्कर येऊन पडले, असे सालेशियन परंपरेत सांगितले जाते. बॉस्को हे भित्रे नव्हते. फाशी पाहणाऱ्यावरही घाव घालते, इतकाच याचा अर्थ. त्या चौकातील गर्दीत लहान मुले असत, कैद्याचे नातेवाईक असत, आणि त्याने ज्यांचे माणूस मारले ते लोकही असत. फास आवळला गेल्यावर ही सारी माणसे आपापल्या घरी जात. त्यांच्या मनात काय चालले आहे, हे विचारणारी व्यवस्था राज्यापाशी नव्हती.

काफासोंनी फाशीच्या कायद्याविरुद्ध आवाज उठवला नाही. त्यांच्या काळी ख्रिस्तसभेनेही राज्याचा तो अधिकार मान्य केला होता. पुढे इटलीने १८८९ च्या दंडसंहितेने फाशी रद्द केली. मुसोलिनीच्या राजवटीत १९२६ मध्ये ती परत आली. १९४८ च्या राज्यघटनेने शांततेच्या काळात फाशी देण्यास मनाई केली. ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीतही हळूहळू स्पष्टता आली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षण ग्रंथातील परिच्छेदात बदल करून देहदंड अस्वीकार्य असल्याचे जाहीर केले. काफासोंसारख्यांनी फासाखाली उभे राहून मरणाऱ्या माणसाची प्रतिष्ठा जपली नसती, तर ख्रिस्तसभेला हे पाऊल टाकणे इतके सुकर झाले असते का, असा विचार आमच्या मनात येतो.

क्षमा आणि भरपाई

येथे एक प्रश्न विचारला जाईल, आणि तो विचारलाच पाहिजे. ज्याचा खून झाला, जिची अब्रू लुटली गेली, ज्यांचे घर लुटले गेले, त्यांचे काय? गुन्हेगाराजवळ बसणारा धर्मगुरू त्यांच्या दुःखाचा अवमान तर करीत नाही?

काफासो नीतिशास्त्राचे अध्यापक होते, हे येथे आठवावे. कॅथलिक नीतिशास्त्रात पश्चात्तापाबरोबर भरपाई येते. पापाची क्षमा झाली म्हणून चोरलेली वस्तू आपली होत नाही. ती परत द्यावी लागते. दुसऱ्याची बदनामी केली असेल तर त्याचे नाव पूर्ववत करण्याचा प्रयत्न करावा लागतो. मनुष्यहानी केली असेल, तर मागे राहिलेल्यांचे जे नुकसान झाले त्याची जबाबदारी शिल्लक राहते. खरे पापनिवेदन म्हणजे केलेल्या अपराधाचे तोंड न चुकवता पाहणे. न्यायालयात आरोपी स्वतःचा बचाव करतो, आणि तसा त्याला अधिकार आहे. पापनिवेदनात मात्र तो पहिल्यांदाच, आपल्यामुळे दुसऱ्याचे काय झाले, हे उच्चारतो. काफासो ज्या कैद्यांच्या शेजारी बसत, त्यांना ते या उच्चारापर्यंत आणत. अपराध लहान करून सांगण्यात त्यांना दया दिसत नव्हती.

आज जगात अनेक ठिकाणी न्यायदानाबरोबरच गुन्ह्यामुळे झालेली जखम भरून काढण्याचा विचार केला जातो. पीडित, अपराधी आणि समाज यांना, सर्वांची तयारी असल्यास, एकमेकांसमोर आणून सत्य बोलले जाते, भरपाई ठरवली जाते. या पद्धतीत एक पथ्य कटाक्षाने पाळले जाते, ते म्हणजे पीडितावर कोणतीही सक्ती करायची नाही. आम्ही धर्मगुरूंनीही हे पथ्य शिकण्याची गरज आहे. दुखावलेल्या माणसाला क्षमा करण्याची घाई करण्यास सांगणे म्हणजे त्याच्या जखमेवर दुसरी जखम करणे होय. क्षमा ही देणगी आहे, ती मागून घेता येत नाही आणि तिचा दिवस दुसऱ्याने ठरवायचा नसतो. तोवर पीडिताच्या शेजारीही कोणीतरी बसले पाहिजे, जसे काफासो कैद्याच्या शेजारी बसले.

दाराबाहेर कोण उभे आहे?

१८४१ च्या नोव्हेंबरमध्ये नवदीक्षित जॉन बॉस्को आपल्या गावच्या या वडीलधाऱ्या मित्राकडे शिकायला आले. काफासोंनी त्यांना लवकरच तुरुंगात नेले. बॉस्कोंनी तेथे बारा ते अठरा वर्षांची धडधाकट, हुशार मुले पाहिली. काही दिवसांनी त्यांच्या लक्षात आले की, सुटताना चांगले वागण्याचा निश्चय करून गेलेली मुले पुन्हा आत दिसत आहेत. त्यांनी कारण शोधले. त्या मुलांना बाहेर कोणीच नव्हते. तुरुंगाचे दार उघडे, पण घराचे, कारखान्याचे आणि चर्चचे दार बंद, अशी त्यांची अवस्था होती. बाहेर एखादा मित्र असता तर ही मुले परत आली नसती, हा विचार बॉस्कोंच्या मनात रुजला आणि त्यांनी तो काफासोंना सांगितला. काफासोंनी त्यांना धीर दिला.

त्याच वर्षी ८ डिसेंबर रोजी संत फ्रान्सिस चर्चच्या सॅक्रिस्टीत बार्तोलोमेओ गारेल्ली नावाचा अनाथ तरुण आला आणि बॉस्कोंचे मुलांसाठीचे कार्य सुरू झाले. पुढे अनेकांनी बॉस्कोंना वेड्यात काढले, जागेवरून हुसकावले. काफासो पैशाने, सल्ल्याने आणि आपल्या नावाच्या वजनाने त्यांच्या पाठीशी राहिले. बॉस्को मुलांना कामावर ठेवताना मालकाशी लेखी करार करू लागले. १८५२ सालचा असा एक करार आजही जपून ठेवलेला आहे. शिकाऊ मुलाला धंदा शिकवावा, त्याला मारझोड करू नये, सणाच्या दिवशी सुटी द्यावी, अशा अटी त्यात आहेत. मालक, मुलगा आणि जामीन राहणारा अशा साऱ्यांच्या त्याखाली सह्या आहेत. गुन्ह्याची वाट रोखण्याचे काम असे लहानसहान कागदांतून आणि रोजच्या भेटींतून चालते.

१८४५ मध्ये तुरिनमध्ये अल्पवयीन गुन्हेगारांसाठी ‘ला जेनेराला’ हे सुधारगृह सुरू झाले. त्यातील मुलांना बॉस्कोंनी एकदा पहारेकऱ्यांवाचून दिवसभर सहलीस नेले आणि संध्याकाळी सारी मुले परत आली, ही कथा सालेशियन कुटुंबात आवडीने सांगितली जाते. काफासोंपासून बॉस्कोंकडे आलेला हा विश्वासाचा वारसा पुढे जगभर पसरला. आपल्या मुंबईत माटुंगा, वडाळा येथे सालेशियन धर्मगुरूंनी शाळांबरोबरच रस्त्यावरील मुलांसाठी जे काम उभे केले, त्याचे मूळ तुरिनच्या त्या कोठडीत आहे.

अखेरचे दिवस आणि संतपद

तुरुंग, वर्ग आणि पापनिवेदनाचे आसन यांत काफासोंचे आयुष्य झिजले. २३ जून १८६० रोजी, वयाच्या अवघ्या ४९ व्या वर्षी त्यांनी तुरिन येथे देह ठेवला. त्यांचे पवित्र अवशेष तुरिनच्या कोन्सोलाता, म्हणजे सांत्वनमातेच्या मंदिरात आहेत. भाचा आल्लामानो यांनी मामांच्या संतपदाच्या कार्याला चालना दिली. १९२५ मध्ये पोप पायस अकरावे यांनी काफासोंना धन्यवादित म्हणून घोषित केले आणि २२ जून १९४७ रोजी पोप पायस बारावे यांनी त्यांना संतपद बहाल केले. १९४८ मध्ये ते इटलीतील तुरुंगांचे आश्रयदाते ठरले. योगायोग असा की, फाशीला मनाई करणारी इटलीची राज्यघटना त्याच वर्षी अमलात आली. तुरिनमधील ज्या चौकात फासाचा खांब उभारला जात असे, तेथे १९६१ पासून काफासोंचा पुतळा उभा आहे. त्यांच्या पायाशी फाशीच्या कैद्याची मूर्ती आहे.

आपल्या धर्मग्रामासाठी

संतचरित्र वाचून पान मिटवणे सोपे असते. काफासोंचे चरित्र तसे मिटवता येत नाही, कारण तुरुंग आपल्यापासून फार दूर नाही. आपल्या देशातील तुरुंगांत खटल्याचा निकाल न लागलेले कच्चे कैदीच बहुसंख्य आहेत. त्यांतील कित्येकांना जामीन मिळूनही तो भरायला माणूस मिळत नाही. प्रत्येकाचे कोठेतरी घर आहे. ते घर एखाद्या धर्मग्रामात, एखाद्या आळीत, आपल्या शेजारीही असू शकेल.

अशा घरातील आई मिस्साला आली तर ती मागच्या बाकावर का बसते? तिच्या मुलाला धर्मशिक्षणाच्या वर्गात इतर मुले काय म्हणतात? शिक्षा भोगून परतलेल्या माणसाला आपण कामावर ठेवतो का, लग्नकार्याला बोलावतो का, शांतीचे अभिवादन करताना त्याचा हात हातात घेतो का? आणि दुसऱ्या बाजूस, ज्या घरात गुन्ह्याने माणूस हिरावला त्या घरी, अंत्यविधी उरकल्यावर आणि वर्तमानपत्रातली बातमी शिळी झाल्यावर आपण पुन्हा गेलो का? हे प्रश्न विचारताना आम्ही स्वतःला वगळत नाही.

न्यायालयाने न्यायालयाचे काम करावे. शिक्षा देणे हे समाजाच्या रक्षणासाठी आवश्यक आहे आणि काफासोंनी ते कधी नाकारले नाही. परंतु निकालपत्रावर सही झाली म्हणजे जखम भरली असे होत नाही. ती भरते माणसांच्या सोबतीने, आणि ती सोबत देण्याची जबाबदारी ख्रिस्तसभेची म्हणजे तुमची-आमची आहे. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभू येशूने बंदिवानाच्या भेटीला स्वतःची भेट मानले आहे. अंतिम न्यायाच्या दिवशी हा प्रश्न आपल्याला विचारला जाणार आहे.

यंदा २३ जूनच्या मिस्सामध्ये विश्वासूंच्या प्रार्थनेत दोन प्रार्थना जोडाव्यात, अशी आमची सर्व धर्मग्रामांना विनंती आहे: एक बंदीजनांसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी, आणि दुसरी गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठी व त्यांच्या आप्तांसाठी. दोन्ही एकाच वेदीपुढे म्हणाव्यात. प्रार्थना झाल्यावर त्या आठवड्यात कोणी एका घरचे दार ठोठावावे. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये, हे काफासोंनी आपल्याला शिकवले आहेच.

संत जोसेफ काफासो, आम्हांसाठी विनंती करा.